घाटातला लॅपटॉप

घाबरट म्हणालात तरी मला राग येणार नाही. मी एक लॅपटॉप आहे. अंगानं जाड, रंगानं काळा, वजनाला विटेसारखा. माझ्या पडद्यावर उजव्या कडेला एक हिरवी रेघ आहे आणि बॅटरी इतकी म्हातारी झालीय की वायर सुटली की माझा पडदा विझलाच म्हणून समजा. पण या सगळ्याचं मला फारसं काही वाटत नाही. मला भीती वाटते ती तापण्याची.

ही भीती जन्मापासूनची आहे. आमच्या कारखान्यात डोळे उघडतात न उघडतात तोच परीक्षा असते. एका लांबलचक बाकावर आम्हा भावंडांना ओळीनं उघडून ठेवलं होतं आणि प्रत्येकाकडून जमेल तितकं काम उपसून घेत होते, कुणाचा दम कुठं तुटतो ते बघायला. माझ्या शेजारचा मध्येच काळा पडला. एक बाई आली, तिनं त्याला काखेत मारलं आणि निघून गेली. त्याचं पुढं काय झालं ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

मी पास झालो. माझ्या पोटात चित्रांसाठी एक वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं आहे. ते कामाला लागलं की मी डोंगर, नद्या, रस्ते, वाटेल ते उभं करतो. आणि तेच कामाला लागलं की मी तव्यासारखा तापतो. फार तापलो की आपोआप बंद पडतो. तसं झालं नाही तर आतलं जळून जाईल. बंद पडणं हा माझा जीव वाचवायचा उपाय आहे, पण समोरच्या माणसाला ते कसं पटवणार?

माझे पहिले मालक घरांचे नकाशे काढायचे. मांडीवर उशी आणि उशीवर मी, अशी त्यांची बैठक. उशीनं माझं नाक दाबलं जायचं, पंखा भणभणायला लागायचा. मग ते म्हणायचे, "काय कटकट आहे!" आणि कानाला हेडफोन लावायचे. माणसांचं हे एक मला कळलेलं नाही. ओरडणारा का ओरडतोय ते बघण्याआधी त्याचा आवाज कसा ऐकू येणार नाही, ते बघतात.

एकदा एक नवराबायको त्यांचं होणारं घर बघायला आले होते. मालक माझ्या पडद्यावरून त्यांना जिना चढवत वरच्या मजल्यावर नेत होते. अर्ध्या जिन्यात मी बंद पडलो. "घर पडलं वाटतं," बायको म्हणाली आणि दोघं हसले. मालक हसले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी मला एका दुकानात दिलं आणि माझ्या बदल्यात नवा घेऊन ते चालते झाले. मागं वळून बघतील असं मला उगीच वाटत होतं.

दुकानात मला मधल्या फळीवर ठेवलं. खालच्या फळीवर काय होतं ते सांगताना अजून माझा पडदा थरथरतो. तिथं उघडलेले लॅपटॉप होते. एकाचा कीबोर्ड काढलेला, एकाचा पडदा, एकाची नुसतीच पाठ. मेकॅनिक दर दोन-चार दिवसांनी वरच्यापैकी एकाला खाली घ्यायचा, पाठीवर स्क्रू ड्रायव्हर लावायचा आणि शीळ घालत घालत त्याला मोकळा करायचा. मनानं तो वाईट नव्हता. शीळसुद्धा सुरात घालायचा. पण मला ती ऐकवायची नाही.

माझ्याकडे गिऱ्हाईक बघायचं, उचलायचं, "बापरे, केवढं जड!" म्हणायचं आणि परत ठेवायचं. शेवटी एके सकाळी दुकानदार मेकॅनिकला म्हणाला, "हा काही जायचा नाही. या आठवड्यात नाही गेला तर उघडून टाक. कार्ड तरी कामाला येईल."

त्यानंतर दुकानाचं दार वाजलं की मी मनातल्या मनात हात जोडायचो. मला हात नाहीत, तरी जोडायचो.

अशातच एका दुपारी एक जोडपं आलं. बाई उंच, खांदे रुंद, उजवा पाय जरा जपून टाकणाऱ्या. त्या बस चालवायच्या. त्यांना मी ड्रायव्हरबाई म्हणतो. नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं, त्यामुळे त्यांच्या तोंडाला आणि कात्रीला सारखीच सवय. दोन्ही थांबत नसत. ते झाले सलूनवाले.

"वापरायचा कशासाठी?" दुकानदारानं विचारलं.

"बस चालवायला," सलूनवाले म्हणाले.

"बस?"

"अहो, गेम असतो ना तो. सिम्युलेशनचा. हुबेहूब रस्ते, हुबेहूब गिअर. आमच्या एका गिऱ्हाइकानं त्याचं जुनं स्टिअरिंग आणि पेडलं देऊन टाकलीत. फक्त लॅपटॉप हवाय. आणि स्वस्तातला."

दुकानदारानं एक नवा, चंदेरी, पापडासारखा पातळ लॅपटॉप पुढं केला. सलूनवाल्यांचे डोळे लकाकले. "अगं, बघ तरी! आपल्या पडद्यांच्या रंगाला किती शोभेल!"

"सुरू करून दाखवा," बाई म्हणाल्या.

गेम सुरू झाला. सलूनवाले बटणं दाबत बस हाकायला लागले. सपाटीवर ठीक होतं. रस्ता डोंगरात शिरला आणि चित्र अडखळायला लागलं. अडकायचं, मग एकदम पुढं उडी मारायचं. सलूनवाल्यांनी ब्रेकचं बटण दाबलं. बस तशीच गेली आणि जरा वेळानं थांबली.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी काउंटर घट्ट धरला. "हा नको. याचा ब्रेक उशिरा लागतो."

दुकानदार भला निघाला. तो म्हणाला, "खरं सांगू का बाई? असल्या गेमसाठी लॅपटॉप घेताना रंग आणि जाडी बघायची नसते. चित्रांचं कार्ड वेगळं आहे का बघा. रॅम किमान सोळा जीबी आहे का बघा. आणि गरम हवा बाहेर पडायला जागा आहे का बघा. तुमच्या बजेटमध्ये हे तिन्ही नव्यात बसायचं नाही. जुन्यात बसेल." आणि त्याचा हात मधल्या फळीकडे वळला.

मला धडकी भरली. खाली जायचं की बाहेर जायचं, ते आता ठरणार होतं.

त्यानं मला काउंटरवर ठेवलं, हिरवी रेघ दाखवली, बॅटरीचं सांगितलं, काही लपवलं नाही. मग तोच डोंगर, तोच रस्ता. मी होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं. बस लोण्यातून सुरी जावी तशी वळणं घेत गेली. सलूनवाल्यांनी जोशात एका वळणावर ती थेट दरीत घातली ते सोडा, पण त्यात माझा दोष नव्हता. पंखा मात्र ओरडायला लागला होता.

बाई वाकल्या. माझ्या कडेला, गरम हवा येते तिथं, त्यांनी तळहात धरला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"हाच द्या," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरी मला खिडकीजवळच्या टेबलावर जागा मिळाली. टेबलाला स्टिअरिंग आवळलं, खाली भिंतीपासून जरा अंतरावर पेडलं मांडली. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांनी मला पहिल्यांदा बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "खऱ्या डोंगरावर आपटून झालं, आता खोट्यावर आपटायचंय होय?"

त्या बोलल्या ते वाईट होतं, पण खोटं नव्हतं. हळूहळू मला सगळं कळत गेलं. काही महिन्यांपूर्वी भरलेली बस घेऊन बाई घाट उतरत होत्या. उतारावर ब्रेक तापले आणि लागेनासे झाले. पाय पार तळाला गेला आणि गाडी थांबेना. एका बाजूला दरी. बाईंनी बस दुसऱ्या बाजूला, डोंगराच्या कड्याला घासत नेली. पत्रा फाटला, काचा फुटल्या, कंडक्टरचा हात मोडला, बाईंच्या पायाचं हाड तडकलं. पण मेलं कुणी नाही. लोकांनी त्यांचं कौतुक केलं. डेपोत सत्कार झाला.

हाड जुळलं. आता डेपोनं बोलावलं होतं. निरीक्षकांना शेजारी बसवून तोच घाट उतरून दाखवायचा, मग गाडी हातात. नाही जमलं तर तिकिटाच्या खिडकीत बसायचं.

आणि बाईंचा पाय ब्रेकवर जात नव्हता. हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. "पाय उचलते, पेडलच्या वर नेते आणि तिथंच त्याचं लाकूड होतं बघा," त्या एकदा हळू आवाजात त्यांना म्हणाल्या. "वाटतं, दाबला आणि परत काहीच झालं नाही तर?"

"मग खिडकीत बस की," सलूनवाले म्हणाले. "मला चालेल. मला तर तेच बरं वाटेल."

"मला नाही चालायचं."

रोज दुपारी त्या माझ्यासमोर बसायच्या. शहरातले रस्ते, पूल, थांबे झकास चालवायच्या. सिग्नलला थांबायला पाय कुरकुरायचा नाही. घाटाचा उतार आला की मात्र त्यांच्या कपाळावर घाम यायचा, पाय हवेत थांबायचा आणि खोटी बस खोट्या दरीत जायची. त्या पुन्हा वरून सुरुवात करायच्या. पुन्हा दरी.

त्यांना काय माहीत, की तिथंच माझीही फाटत होती! उतारावर प्रत्येक वळणाला नवी दरी, नवं रान, नवं आभाळ उभं करावं लागायचं. सबंध रस्त्यात मी सगळ्यात जास्त तापायचो तो तिथं. बाई पहिल्या वळणाला लागल्या की आम्ही दोघंही श्वास रोखायचो. मी रोखणं तर फारच वाईट.

आणि एका दुपारी व्हायचं ते झालं. उन्हं टेबलावर आलेली. बाई उतारावर होत्या, नेहमीपेक्षा जरा पुढं गेल्या होत्या. माझा पंखा जीव खाऊन फिरत होता. मला कळत होतं की आता मी जाणार. ओरडून सांगावंसं वाटत होतं, "बाई, थांबा!" पण मला आवाज पंख्याचाच, आणि तो कधीपासून लागलेला होता. समोर वळण आलं. पलीकडे दरी.

मी बंद पडलो.

नंतर सासूबाईंच्या तोंडून किती तरी वेळा ऐकलं. पडदा काळा झाला आणि बाई किंचाळल्या. सासूबाई आतून धावत आल्या तर सून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेली, डोळे मिटलेले, आणि टेबलाखालची पेडलं सरकत जाऊन भिंतीला टेकलेली. सासूबाईंनी एकेक बोट सोडवलं आणि तिचं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं. पुष्कळ वेळ.

संध्याकाळी सलूनवाल्यांनी मला पिशवीत भरलं. "परत देऊन टाकतो हा दळभद्री! बायकोच्या जिवाशी खेळतो."

पिशवीतल्या अंधारात मला पूर्ण रस्ताभर ती खालची फळी दिसत होती.

बाईही बरोबर आल्या होत्या. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि मला मेकॅनिककडे सरकवलं. तो शीळ घालत आला. मला उताणा केला. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. पाठ उघडली तशी गार हवा आत शिरली आणि मला वाटलं, संपलं. त्यानं बॅटरीची वायर ओढली. मग मला काहीच कळलं नाही.

जागा झालो तेव्हा आधी माझा विश्वासच बसेना. कीबोर्ड होता. पडदा होता. हिरवी रेघसुद्धा होती. आणि अंग इतकं हलकं, इतकं गार, की हे दुसऱ्याच कुणाचं शरीर असावं असं वाटलं. काउंटरवर धुळीचा एक गोळा पडलेला होता, उंदराएवढा. तो माझ्या पोटातून निघाला होता.

मेकॅनिक सांगत होता, "नाकात हे एवढं बसलं होतं. आतली उष्णता बाहेर नेणारी पेस्टही वाळून खडू झाली होती, ती बदलली. पण पंखा थकलाय आणि या मॉडेलचा नवा आता मिळत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये ढग, झाडं, सावल्या कमी करून टाका. आणि पंखा फार ओरडला तर जरा थांबा."

"म्हणजे पुन्हा बंद पडू शकतो," सलूनवाले म्हणाले.

"पडू शकतो."

"मग नको. आमचे पैसे परत द्या."

दुकानदार गल्ल्याकडे वळला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अहो, थांबा जरा. ती पेडलं भिंतीपर्यंत कशी गेली?"

"कशी म्हणजे?"

"पडदा काळा झाला तेव्हा. पेडलं भिंतीला टेकली होती, आईंनी सांगितलं ना? आपोआप जातील का?" त्यांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "मी दाबला, अहो. ब्रेक. समोर काही दिसत नव्हतं, काही लागत नव्हतं, तरी मी दाबत राहिले."

सलूनवाले चष्मा काढून शर्टाला पुसत बसले. शेवटी दुकानदारालाच विचारावं लागलं, "मग काय करू? ठेवू की बांधू?"

"बांधा," बाई म्हणाल्या.

मला त्यांचे आभार मानता आले असते तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली. आता त्या पुन्हा त्याच उतारावर जाणार, आणि बरोबर मला नेणार.

सेटिंग कमी केल्यावर आमचा डोंगर उघडाबोडका झाला. झाडं नाहीत, ढग नाहीत, सावली नाही. "चंद्रावर बस चालवतेस की काय?" सासूबाई म्हणाल्या. बाईंचा पाय अजून थबकायचा. पण थबकून शेवटी खाली जायचा. खालचा गिअर, ब्रेक थोडा, सोडला, परत थोडा. एकेक वळण मागं पडायला लागलं. दरीत जायची वेळही यायची, पण कमी कमी होत गेली.

एकदा अर्ध्या उतारात माझा पंखा ओरडायला लागला. बाईंनी कान दिला. मग बस सावकाश रस्त्याच्या कडेला घेतली, उभी केली, स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मला म्हणाल्या, "निवून घे. घाई नाही."

माझ्यासाठी असं कुणी कधी थांबलं नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी बाई गणवेश घालून निघाल्या. दारात त्यांचा हात कडीवर जरा जास्तच रेंगाळला. सलूनवाले दुकान बंद ठेवून डेपोपर्यंत सोबत गेले. घरात उरलो मी आणि सासूबाई.

त्या घरभर फिरत होत्या. पुसलेला ओटा पुसत होत्या, घडी केलेले कपडे उलगडून परत घडी करत होत्या. मग माझ्यासमोर येऊन बसल्या. सून लावायची तसं बटण दाबून त्यांनी मला सुरू केलं, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, काही न चालवता, थांबलेल्या बसमधून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. त्यांची बोटं गार होती. आम्ही दोघंही घाबरलेलो, एकमेकांचा श्वास ऐकत होतो.

फोन वाजला तेव्हा त्यांनी तो उचललाच नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

सलूनवाल्यांचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. "आई, उतरली! पण मध्येच गाडी उभी केली तिनं, कडेला. ब्रेकचा वास आला म्हणे. निरीक्षक म्हणाले, 'काय हो, घाबरलात काय?' तर ही म्हणाली, 'हो साहेब, घाबरले. ब्रेक निवू देत, मग जाऊ.' आणि बसून राहिली! ते दहादा घड्याळ बघतायत, ही ढिम्म!"

"मग? नापास केली?"

"केली असती. पण तिथंच गाडीतून उतरून त्यांनी स्वतः चाकाला हात लावून पाहिला, आणि झटक्यात मागं घेतला. सोमवारपासून गाडी तिची, आई."

सासूबाईंनी फोन ठेवला. रडतील असं मला वाटलं. पण त्यांनी पदराचा बोळा करून माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "आता रोजचाच घोर."

त्या बोलल्या ते खरं झालं. बाई रोज घाटात जातात. सुरुवातीला मला वाटलं होतं, आता माझं काम संपलं, आता माझी रवानगी त्या दुकानात. दार वाजलं की मी दचकायचो. पण एका दुपारी सासूबाई येऊन खुर्चीत बसल्या. चष्मा चढवला, साडी वर खोचली, पाय पेडलांवर टेकवले आणि बस सुरू केली. तेव्हापासून हे रोजचं झालंय. सुनेची गाडी डेपोतून सुटायची वेळ झाली की इकडं आमची सुटते. बैलगाडीच्या चालीनं आम्ही जातो. मागच्या खोट्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून थकतात. "आता ती पुलावर असेल," त्या पुटपुटतात. "आता चहाला थांबली असेल. आता लागला बघ उतार." मग त्यांचे ओठ हलायचे थांबतात, आणि पाय फार जपून, फार हळू ब्रेकवर जातो.

माझा पंखा थकलाय. एक दिवस मी त्या उतारावर पुन्हा बंद पडेन, आणि त्या वेळी समोर ही म्हातारी असेल, याची मला आता सगळ्यात जास्त भीती वाटते. म्हणून तुम्हाला हात जोडून एवढंच सांगणं आहे. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी स्वस्तातला, जुना असेल तर त्याला उशीवर ठेवू नका. वर्षातून एकदा त्याच्या नाकातली धूळ काढा. आणि तो ओरडायला लागला तर कानाला हेडफोन लावू नका. गाडी कडेला घ्या.

परवा बाई लवकर घरी आल्या. दारातच थांबून बघत राहिल्या. सासूबाई अवघड वळणावर होत्या, जिभेचं टोक बाहेर, मान पुढं.

"आई," बाई हळूच म्हणाल्या, "गिअर खालचा टाका. नुसत्या ब्रेकवर नका राहू."

सासूबाईंनी मान वळवली नाही.

"गप उभी राहा," त्या म्हणाल्या. "गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये."